मलिद्याचे पोहे

माझ्या रव्यात किडा आहे हे मला माझ्या पोटच्या पोराने सांगितलं. आणि सांगितलं ते कसं, तर एक डोळा मिटून, दुसरा त्या काळ्या नळीला लावून, डॉक्टरने एक्स-रे बघून मान हलवावी तशी मान हलवत. मी मिरियम पेझारकर. लग्न होऊन पनवेलात आले तेव्हापासून याच गल्लीत राहते, आणि माझ्या स्वयंपाकघराबद्दल ब्र काढायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. आमच्या ह्यांची, झकेरियांचीसुद्धा नाही, आणि ते वीज मंडळात मीटर तपासायचे, खुसपट काढायचाच पगार घ्यायचे. ते गेले, पण शेवटपर्यंत माझ्या रव्याचा शिरा मुकाट्याने खाऊन गेले.

पोराचं नाव इलान. कॉलेज संपलं तसा इस्रायलला गेला, अशदोदला स्थायिक झाला, तिकडेच मिखालशी लग्न केलं. आमच्या बेने इस्रायली ज्यू घरांत हे काही नवं नाही. कोकणात आमची मुळं किती जुनी ते आम्हालाही नीट ठाऊक नाही, पण निघायची वेळ आली तेव्हा एकेक घर भराभर रिकामं झालं. गल्लीत आमची घरं ओळीने होती, आता मी उरले.

या खेपेला तो आला तो माझ्या नवसासाठी. तिकडे भोंगे वाजायला लागले, क्षेपणास्त्रं पडायला लागली, तेव्हा मी इथे टीव्हीसमोर बसून एलियाहू हन्नबींना, आमच्या प्रेषितांना, म्हटलं होतं, पोरगं धडपणे माझ्या दारात येऊ दे, मलिदा करीन आणि पहिला घास त्यालाच भरवीन. मलिदा म्हणजे गोड पोहे. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम. ताटात त्याचा डोंगर रचायचा, भोवती फळं आणि गुलाब मांडायचे आणि एलियाहू हन्नबींची प्रार्थना म्हणायची. लग्न असो, बारसं असो, परदेशी जाणं असो, मलिद्यावाचून आमचं काही पुरं होत नाही.

आता त्या यंत्राचं सांगते. आमच्या धर्मात किडा पोटात जाता कामा नये. तसं ते कुणालाच नको असतं, पण आमच्यात त्याचा कायदा आहे. सूनबाई तिकडे एका मोठ्या भटारखान्यात नोकरी करते आणि तिचं काम एवढंच, की भाजीत किडा आहे का बघायचं. त्यामुळे तिच्या घरात मीठमिरचीच्या डब्यांशेजारी मायक्रोस्कोपही असतो. त्यातला एक इलान घेऊन आला होता. मुठीत मावेल एवढा, खाली बारका दिवा, मध्ये काचेची पट्टी, वर डोळा लावायची नळी.

पहिल्या दिवशी मला मजाच वाटली, खोटं कशाला बोलू. लहानपणी डबे उपसायचा तसाच त्याने माझा ओटा उपसला. मीठ लावलं, साखर लावली, हळद लावली, माझ्या लुगड्याचा धागा ओढून लावला, भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडासुद्धा सोडला नाही. स्वतः बघायचा, काय दिसतंय ते सांगायचा आणि मग मला बोलवायचा. मीठ म्हणे काचेच्या चौकोनी पेट्यांसारखं दिसतं. मी डोळा लावला, छान म्हटलं. धागा म्हणे सुंभासारखा पिळलेला आहे. मी छान म्हटलं. किती तरी वर्षांनी पोरगं माझ्या ओट्याशी उभं होतं, मला कशाला वाईट म्हणायचंय?

मग त्याने रवा लावला आणि तोंड आंबट केलं.

मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या आजोबांनी सिनेगॉगमध्ये आयुष्यभर प्रार्थना चालवल्या. त्यांनी मला शिकवलंय की जे डोळ्याला दिसत नाही त्याचा दोष नाही. पाण्यात, हवेत, दह्यात काय काय वळवळतं. ते सगळं धरायचं ठरवलं तर माणसाने उपाशी मरावं. कायदा डोळ्यासाठी आहे, नळीसाठी नाही.

मला वाटलं, आता याची बोलती बंद. पण पोरगंही माझंच.

"धडधाकट माणसाच्या डोळ्याला, आई," तो म्हणाला. "हा किडा मला नळीशिवाय दिसतोय. चालतोय तो. तुलाच दिसत नाहीये."

मी म्हटलं, माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? चांगलं तुझं मीठ बघितलं, त्या पेट्या बघितल्या.

तेव्हा त्याने मान खाली घातली. म्हणाला, तू मीठ बघितलंस तेव्हा पट्टीवर मीठ नव्हतं. दिवाही मी बंद केला होता.

आता सांगा, याला काय म्हणायचं? जन्मदात्या आईला सापळा लावायचा, तिच्याच स्वयंपाकघरात, तिनेच केलेला चहा पीत? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कारण काय, तर ते खरं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं आणि मी आज नाही उद्या करत ढकलत आले होते. समोरचा माणूस मला आवाजावरून कळायचा, भाजी हाताला कळायची, आणि नळीतून मला दिसलं होतं ते नुसतं धुकं. पण ते मी कबूल करावं म्हणून असा डाव? तोंडाने विचारायला काय झालं होतं?

मग त्याची पोतडी उघडली. सगळं ठरवूनच आला होता. विमानतळ झाल्यापासून इथे दलालांच्या रांगा लागतात, घर आठवड्यात जाईल. अशदोदला त्याच्या घरात माझी खोली तयार आहे, तिला समुद्राकडची खिडकीसुद्धा आहे. तू गॅस चालू ठेवून बसशील, जिन्यावरून पडशील, मला तिकडे कळणारसुद्धा नाही, हे सगळं एका दमात म्हणाला. आणि शेवटी जे म्हणाला ते माझ्या काळजाला लागलं.

"इथे तुझं आहे कोण, आई?"

मी म्हटलं, भोंगा वाजला की तुम्ही पोरंबाळं उचलून जिन्याखाली पळता, आणि धोक्याचं घर म्हणे माझं! तरी तो मागे हटला नाही. हट्टीपणा त्याने कुठून उचलला ते मला माहीत आहे, पण त्या दिवशी त्याचा राग आला. आणि वर हेही म्हणाला, की या घरातले पोहे असे निवडले जाणार असतील तर मलिदा तो खाणार नाही, ताटाला फक्त हात लावेल. म्हणजे माझा नवस गेला की नाही मातीत? ज्याच्यासाठी बोलले तोच तोंड फिरवून बसणार.

तिथे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, गुरुवारी मलिदा आहे. पोहे निवडून झाले की तुझं यंत्र घेऊन बस. धडधाकट डोळ्याला दिसेल असा एक जरी किडा काढलास तर मी गुपचूप बॅग भरते, समुद्राकडच्या खिडकीत बसते. नाही निघाला तर पोटभर मलिदा खायचा, आणि घर विकायचा विषय माझ्या जिवंतपणी काढायचा नाही. तो म्हणाला, कबूल. कबूल म्हणताना त्याच्या आवाजात मला दया ऐकू आली, आणि त्या दयेने मला रात्रभर टोचलं.

गुरुवारी सकाळी तो सिनेगॉगकडे गेला, तिथे प्रार्थना चालवणारे आमचे हजान एलिशाकाका यांना बोलावून आणायला. मी गॅलरीत सूप घेऊन बसले. पोहे ओतले, हात फिरवला. वर एक विमान खाली उतरत होतं, त्याच्या आवाजाने खिडकी थरथरली. पोह्यांकडे पाहिलं तर नुसता पांढरा ढग. तांदूळ असता तर बोटांना कळला असता, खडा वेगळा लागतो. पण पोहा हलका, त्यातला किडा त्याहून हलका. मी डोळे चोळले, सूप उन्हात धरलं, नाकाशी नेलं. काही उपयोग नाही. पैज लावली तेव्हा मी सूप हातात घेऊन बघितलंच नव्हतं, नुसता राग बघितला होता. मला भीती वाटली. अशदोदची नाही, तिथे पोरगं आहे, नातवंडं आहेत. भीती ही वाटली, की आता मला उचलून कुठेही ठेवतील आणि मला नाही म्हणायला तोंड राहणार नाही. मी सूप मांडीवर ठेवून रडले. रडताना स्वतःचाच राग आला, ते वेगळंच.

तेवढ्यात शांती आली. शांती मोरा बंदराची कोळीण, उरण नाक्याच्या बाजारात बसते आणि बसायच्या आधी माझ्याकडे मासळी टाकून जाते. आम्हाला खवलं आणि कल्ले असलेलाच मासा चालतो, मुशी नको, शिंगाडा नको, कोलंबी नको. शांतीच्या सासूने माझ्या सासूला मासळी घातली, तेव्हापासून हे त्यांच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मला रडताना बघून तिने टोपली खाली ठेवली आणि कोण मेलं म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. रवा, नळी, विझवलेला दिवा, पैज.

ती आधी इलानच्या नावाने दोन शब्द बोलली, ते मी इथे सांगत नाही. मग हात धुतले, साबण लावून परत धुतले, पदर खोचला आणि माझ्या मांडीवरचं सूप ओढून घेतलं. बाजाराचं काय, मी म्हटलं. बाजारात सून बसेल म्हणाली. खालच्या मजल्यावरच्या विनिताला तिने गॅलरीतूनच हाक मारली. विनिता उलव्याला एका बांधकामाच्या ऑफिसात कामाला जाते, दुपारची पाळी होती, ती केस पुसत वर आली. पांढरी चादर पसरली, पोह्यांचे ढीग केले आणि दोघी निवडायला बसल्या. मी दोघींच्या मध्ये बसून निवडलेलं डब्यात भरत होते आणि तोंड चालवत होते. माझी सासू होती तेव्हा मलिद्याचे पोहे असेच निवडले जायचे, गल्लीतल्या सगळ्या बायका बसायच्या. बायका विमानात बसून गेल्या तशी मी एकटीने निवडायला लागले. एकटीने निवडायचं हा काही आमचा कायदा नव्हता, ती नुसती सवय पडली होती.

इलान आला आणि दारातच थांबला. मागे एलिशाकाका धापा टाकत होते. हे काय चाललंय, त्याने विचारलं. मी म्हटलं, पोहे निवडतोय. तो म्हणाला, हे तू करायचं होतंस.

मी म्हटलं, "तूच सांगितलंस ना, कायद्याला धडधाकट डोळा लागतो? हे बघ, चार आणून बसवलेत. तो माझ्याच कपाळावर पाहिजे असं तुझ्या आजोबांनी कधी सांगितलं नव्हतं."

या आपल्या लोकांतल्या नाहीत, यांना आपले नियम काय माहीत, असं काहीतरी तो पुटपुटला. मी म्हटलं, किडा दिसायला धर्म लागत नाही. एलिशाकाका खुर्चीत बसले आणि म्हणाले, हे मात्र बरोबर आहे.

शांतीला इतका वेळ गप्प बसायची सवय नाही. तिने मान वर न करताच तोंड उघडलं, आणि मला वाटलं आता ही मला बुडवते.

"वरीस झालं, मिरियमबायला पापलेट कंचा नि हलवा कंचा त्ये दिसत नाय," ती म्हणाली. "हात घालतात हलव्याला नि म्हनतात, ह्ये पापलेट दे. मी काय बोलत नाय. गुमान पापलेट पिशवीत टाकते."

मला हे ठाऊकच नव्हतं. वर्षभर मी तोऱ्यात मासळी निवडत होते, भाव करत होते, माझी नजर अजून किती तल्लख आहे म्हणून मनात खूश होत होते, आणि ही बाई दर वेळी माझा मासा बदलत होती. विनिताही खाली बघत हळूच म्हणाली, काकू, तुमच्या दुधाच्या पिशवीची तारीख मी रोज बघूनच वर पाठवते. माझे कान तापले. लाज वाटली, आणि लाजेच्या खाली आणखी काहीतरी वाटलं.

इलानला तर आयतंच हाती लागलं. "पाहिलंस?" तो म्हणाला. "पाहिलंस ना आई, काय परिस्थिती आहे?"

"पाहिलं," मी म्हटलं. "म्हणून तर जात नाही. माझं इथे कोण आहे, विचारत होतास. मलाही आत्ताच कळलं."

पण पैज ती पैज. तो यंत्र घेऊन चादरीवर बसला. मूठ मूठ पोहे पांढऱ्या ताटलीत पसरायचा, आधी डोळ्याने बघायचा, मग संशय आला तो दाणा काचेवर ठेवून नळीतून बघायचा. नेटाने बघत होता, लबाडी नाही केली, एवढं मी म्हणेन. चहा झाला, परत चहा झाला. एलिशाकाकांना डुलकी लागली. शांतीची चुळबूळ सुरू झाली, मासे खराब व्हायला लागले होते ते तिने बर्फ मागवून माझ्याच बादलीत टाकले. डब्याच्या तळाशी आल्यावर इलानने एक दाणा काचेवर ठेवला आणि बराच वेळ नळी सोडलीच नाही.

"पाय आहे," तो म्हणाला. "किड्याचा पाय. पोह्याला चिकटलाय."

विनिताने माझा हात धरला. मी मनात बॅग उघडली आणि त्यात काय भरायचं तेसुद्धा दिसायला लागलं. मग मी म्हटलं, तो दाणा काढ, ताटलीत ठेव आणि आता नळीशिवाय दाखव.

त्याने दाणा ताटलीत ठेवला. उन्हात नेला. डावीकडून बघितला, उजवीकडून बघितला, चष्मा पुसून बघितला. शांतीने बघितलं, विनिताने बघितलं. एलिशाकाकांनाही उठवून बघायला लावलं, त्यांचा डोळा मोजायचा नाही असं मीच आधी सांगितलं. शांती म्हणाली, पोहा हाय, दुसरं काय नाय. विनिता म्हणाली, मलाही पोहाच दिसतोय. मी इलानकडे तोंड करून बसले होते. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, पण तो खोटं बोलणार नाही हे माहीत होतं. लहानपणीही चोरून साखर खायचा आणि विचारलं की सांगून टाकायचा.

"नाही दिसत," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "तू फोन उचलला नाहीस की मला तिकडे काही सुचत नाही गं."

मी म्हटलं, "भोंगा वाजला की मला इथे सुचतं होय? मी कधी तुला म्हटलं, अशदोदचं घर विक आणि ये?"

तो रडला. मोठा बाप्या, दाढी वाढवलेला, पोह्यांच्या चादरीवर बसून रडला. मी जवळ घेतलं. शांतीने नाक पुसलं आणि म्हणाली, पोहे भिजवा आता, मला जायचं हाय.

मलिदा झाला. असा डोंगर रचला की ताट पुरेना. एलिशाकाकांनी प्रार्थना म्हटली, आम्ही मागे सूर धरला, आणि पहिला घास मी माझ्या हाताने इलानच्या तोंडात घातला. अंदाज चुकला, थोडा दाढीला लागला. त्याने तोही पुसून खाल्ला. मग शांतीला दिला, विनिताला दिला, जिन्यातून वर जाणाऱ्या माणसांनाही बोलावून दिला. इलानने तीनदा घेतला, मागून घेतला.

डोळ्यांचं ऑपरेशन मी करणार आहे. तारीख विनिताने काढली, न्यायला-आणायला शांती येणार, पापलेट ओळखता आलं पाहिजे एवढीच तिची अट आहे. पोराने सांगितलं म्हणून करत नाहीये, हे मी त्याला स्पष्ट बजावलं.

तो निघाला त्या दिवशी टेबलावर ते यंत्र ठेवून गेला, म्हणजे ठेवून जायला निघाला. म्हणाला, ऑपरेशन झालं की बघ आई, मीठ खरंच सुंदर दिसतं. मी ते उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि त्याच्या बॅगेत, कपड्यांच्या मध्ये नीट बसवलं. तो नको नको करत होता.

"राहू दे, घेऊन जा," मी म्हटलं. "तुला लागेल. तुमच्याकडे पोहे निवडायला शेजारून कोण येऊन बसणार आहे?"